खुर्ची उलटी करून पाहावी

धाराशिवजवळच्या तेर गावात हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती सापडली. तिची जवळची नातलग वाटावी अशी दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पॉम्पेईच्या उत्खननात मिळाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले ते शहर. पॉम्पेईच्या मूर्तीच्या डोक्यातून खाली एक उभे भोक आहे. पूर्वी तिला आरशाची मूठ समजत. नंतर काही अभ्यासकांनी वेगळे मत मांडले: ही मूठ नसून एखाद्या छोट्या मेजाचा किंवा आसनाचा पाय असावा. तसे असेल, तर जेव्हा तेरला तगर म्हणत आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव नोंदले गेले, त्याच काळात दख्खनच्या कारागिरांनी घडवलेले घरसामान समुद्रापलीकडे जात होते.

आज प्रवास उलट दिशेने होतो. मुंबईच्या चोरबाजारातून, जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून जुन्या खुर्च्या धाराशिव, तुळजापूर, उमरग्याच्या नव्या घरांत येत आहेत. त्यांत विंगबॅकला सर्वांत मोठी मागणी दिसते. उंच पाठ, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेले पंख, गुबगुबीत हात. चित्रपटांत आणि मोबाइलवरच्या सजावटीच्या छायाचित्रांत ती इतक्यांदा दिसते की बैठकीत ती असली म्हणजे घर जुन्या खानदानाचे वाटते. त्या हौसेत वावगे काही नाही. पण हौसेने आणलेली खुर्ची दोन उन्हाळ्यांत खिळखिळी होऊन माळ्यावर जाते, तेव्हा पैसे जातात आणि एका कारागिराने मन लावून केलेले कामही वाया जाते. जुनी खुर्ची कशी निवडावी, याचा विचार म्हणूनच इथली हवा, इथली घरे आणि इथले सुतार समोर ठेवून करायला हवा.

थंडीसाठी जन्मलेली

विंगबॅकचा जन्म सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये झाला. लंडनजवळच्या हॅम हाउसमध्ये १६७० च्या दशकातल्या दोन ‘झोपायच्या खुर्च्या’ आजही आहेत. त्यांची पाठ मागे कलती करता येते आणि डोके टेकायला बाजूंना पंख आहेत. त्या काळच्या घरांत उबेचे ठिकाण एकच, शेकोटी. दारा-खिडक्यांच्या फटींतून गार वाऱ्याचे झोत येत. खुर्चीचे पंख ते झोत अडवत आणि समोरच्या विस्तवाची ऊब अंगाभोवती धरून ठेवत. अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत ती बहुधा शयनगृहात असे, वृद्ध आणि आजारी माणसांसाठी. दिवाणखान्यातली मानाची खुर्ची ती पुढे झाली. पायांची घडण पिढीगणिक बदलली: आधी गुडघ्यासारखा बाक असलेले वळणदार पाय, मग सरळ चौकोनी, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात खाली पितळी चाके व पाठीला खोल बटणे. विसाव्या शतकात डेन्मार्कच्या हान्स वेगनरने १९५१ मध्ये आणि आर्ने याकोबसनने १९५८ मध्ये याच कल्पनेला नवे रूप दिले. याकोबसनची अंड्याच्या आकाराची खुर्ची म्हणजे पंख आणि पाठ एकजीव झालेली विंगबॅकच.

हिंदुस्थानात आलेल्या युरोपियनांना इथल्या उकाड्याने लवकरच धडा दिला. गादी भरलेली खुर्ची पाठ भिजवते. इथल्या सुतारांनी साग आणि शिसवाच्या चौकटीत वेत विणला, म्हणजे वारा पाठीतून आरपार जाऊ लागला. पाय पसरून ठेवता येतील इतके लांब हात असलेली आरामखुर्ची याच गरजेतून आली. डाकबंगल्यांच्या व्हरांड्यांत आणि रेल्वेच्या प्रतीक्षालयांत ती अनेकांनी पाहिली आहे. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवावर दाट नक्षी कोरलेल्या खुर्च्या होत, त्यांतल्या कितीतरी वेताच्याच. म्हणून जुन्या बाजारात विंगबॅक शोधायला गेलेल्या माणसाने शेजारची वेताची आरामखुर्चीही पाहावी. आपल्या हवेशी जमवून घेतलेली खुर्ची तीच आहे.

ढाळजेत खुर्ची

या भागातल्या जुन्या वाड्यांत खुर्चीला जागा नव्हती. बैठक जमिनीवर: गादी, लोड, तक्के. आल्या-गेल्याशी बोलणे ढाळजेत. खुर्ची आली ती कचेरीच्या वाटेने. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे गेलेल्या मुलखात नळदुर्ग होते आणि तिथला कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिणारा तोच टेलर. १८५७ पर्यंत त्याने हा मुलूख सांभाळला. १८६० मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला, पण टेबल-खुर्चीवर बसून चालणारा कारभार राहिला. पुढे तहसील, पोलीस ठाणे, शाळा, दवाखाना असा खुर्चीचा संसार वाढला.

१८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी रेल्वे सुरू झाली आणि १९११ पर्यंत ती येडशीवरून लातूरला पोहोचली. जड सामान मुंबई-पुण्याहून आणणे त्यामुळे सोपे झाले. तरीही या जिल्ह्यात मिळणाऱ्या जुन्या खुर्च्यांत खऱ्या विंगबॅक विरळाच. मिळतात त्या सागाच्या सरळ पाठीच्या कचेरीच्या खुर्च्या, वेताच्या आरामखुर्च्या आणि कापडाच्या घडीच्या खुर्च्या. म्हणून इथल्या दुकानात कोणी विंगबॅक दाखवून ती अमक्या वाड्यातली म्हणाले, तर ते तपासून घ्यावे. बहुधा ती बाहेरून आलेली असते, आणि कुठून आली हे कळल्याशिवाय तिची परीक्षा पुरी होत नाही.

भूकंपानंतरची घरे

या जिल्ह्यात जुन्या घरसामानाचा विचार ३० सप्टेंबर १९९३ ला ओलांडून करता येत नाही. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. आपल्याकडे उमरगा आणि सास्तूरच्या परिसराने त्याचे घाव सोसले. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर फूट-दीड फूट मातीचे माळवद, अशी ती घरे. भिंती कोसळल्या, माळवदे खाली आली. पण पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना अनेक घरांत एक गोष्ट दिसली: खांब आणि तुळयांचा लाकडी सांगाडा उभाच होता. खाच आणि कुसू नीट बसवून सुतारांनी केलेले सांधे हलले, झुकले, तरी सुटले नाहीत.

पुनर्वसनात जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. आजही त्यांत हजारो कुटुंबे राहतात. जुन्या वाड्याच्या सोप्यात चार आरामखुर्च्या सहज मावत. ४०० चौरस फुटांत एक विंगबॅक ठेवायची तरी मापे घ्यावी लागतात. तिची रुंदी साधारण ७५ ते ८५ सेंटिमीटर, खोली तितकीच, आणि समोर पाय ठेवायला आणखी निदान अर्धा मीटर जागा हवी. पाठ भिंतीला टेकवली तर पाठीचा कल वाया जातो. आधी जमिनीवर खडूने चौकोन आखून दोन-चार दिवस त्याच्याभोवती वावरावे. तो अडचणीचा वाटला तर खुर्चीही अडचणीचीच होणार. अशा घराला दोन पंखांच्या खुर्च्यांची जोडी घेण्यापेक्षा, हलवता येईल अशी एकच हलकी वेताची खुर्ची अधिक शोभते.

सांगाडा आधी, कापड नंतर

दुकानात गेल्यावर नजर पहिल्यांदा कापडावर जाते. कापड बदलता येते. भूकंपात ज्याने घरे तोलली तो सांगाडाच खुर्चीतही खरा. म्हणून दुकानदाराची परवानगी घेऊन खुर्ची उलटी करावी.

खालचे अस्तर थोडे सोडवले की आतले जग दिसते. इंग्लंडमध्ये बनलेल्या खुर्चीत दिसणारे पाय महोगनी किंवा अक्रोडाचे आणि झाकलेली चौकट बहुधा बीच या स्वस्त लाकडाची असते. बीचला घुण लवकर लागतो. बारीक भोके दिसली, टकटक केल्यावर पिठासारखा ताजा, फिकट भुसा पडला, तर कीड जिवंत आहे. भोके जुनी, काळवंडलेली असतील आणि भुसा पडत नसेल तर कीड गेलेली असू शकते. मात्र टोकदार सुई टोचून पाहावी. लाकूड भुसभुशीत लागले तर खुर्ची सोडून द्यावी. हिंदुस्थानात बनलेल्या खुर्चीत चौकटही बहुतेक सागाचीच असते. ती उचलताना जड लागते आणि वाळवीपुढे अधिक टिकते.

मग वय. इथे पुस्तकी खुणा जपून वापरायच्या. युरोपात करवतीच्या सरळ रेघा म्हणजे हाताने चिरलेले लाकूड आणि गोलाकार रेघा म्हणजे यंत्रावरचे, एवढ्यावरून शतक ठरवता येते. आपल्याकडे हाताने लाकूड चिरणे विसाव्या शतकातही दीर्घकाळ चालू होते, त्यामुळे सरळ रेघा वयाचा पुरावा होत नाहीत. उलटा पुरावा मात्र पक्का. अधिकच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकाआधीचा असू शकत नाही. गोल स्प्रिंगा १८३० च्या आसपास बसवल्या जाऊ लागल्या. रबराचा फोम १९२९ नंतरचा, आजचा पिवळा फोम १९५० च्या दशकापासूनचा. सांगाडा जुना आणि भरण नवे असेल तर हरकत नाही, दुरुस्ती झाली आहे इतकेच. पण सांगाड्यातच प्लायवूड आणि स्टेपलच्या पिना असतील, तर ‘शंभर वर्षांची’ हा दावा खोटा.

झीज कुठे आहे ते पाहावे. खऱ्या वापरात हातांची पुढची टोके गुळगुळीत होतात, पुढच्या पट्टीवर टाचा घासतात, पायांचे तळ झिजतात. सगळीकडे सारखाच काळेपणा आणि सारखेच ओरखडे दिसले तर जुनेपण वरून चढवलेले आहे. जोधपूरसारख्या ठिकाणी आंबा आणि शिसमच्या लाकडात जुन्या धर्तीच्या नव्या खुर्च्या मोठ्या प्रमाणावर बनतात. त्या नव्या म्हणून, नव्याच्या दरात घेतल्या तर उत्तम. जुन्या म्हणून घेऊ नयेत. दोन मोडक्या खुर्च्यांची एक केलेलीही सापडते. चारही पायांचे लाकूड, रंग आणि आतल्या बाजूची जुनी धूळ एकसारखी आहे का, हे पाहिले की ते कळते.

शेवटी दोन्ही हात धरून खुर्ची कोपऱ्याकोपऱ्याने दाबावी. डुगडुगली तरी घाबरू नये. जुने सांधे सरसाने चिकटवलेले असतात. जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून केलेला सरस गरम पाण्याने आणि वाफेने मऊ होतो. सांधा उघडून, साफ करून पुन्हा बसवता येतो. फेव्हिकॉल १९५९ मध्ये आला. त्याने जोडलेला सांधा असा सुखासुखी उघडत नाही आणि जबरदस्ती केली तर लाकूड फाटते. म्हणूनच कोणीतरी घाईने फेव्हिकॉल ओतून, वर खिळे ठोकून ‘मजबूत’ केलेल्या खुर्चीपेक्षा डुगडुगणारी पण कोणी हात न लावलेली खुर्ची बरी. पंख जिथे हाताला मिळतात तो सांधा खास तपासावा. खुर्ची उचलताना लोक नेमके पंखांना धरतात आणि तो सांधा तिथेच निखळतो. घरी आणल्यावर सगळ्यांना सांगून ठेवावे: उचलायची ती खालच्या चौकटीला धरून.

बालाघाटाची कोरडी हवा

मुंबईहून आणलेली सुस्थितीतली खुर्ची धाराशिवात पहिल्याच मे महिन्यात का कुरकुरते? लाकूड हवेतले पाणी पीत-सोडत राहते. मुंबईच्या दमट हवेत लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या तेरा-चौदा टक्क्यांहून अधिक पाणी असते. बालाघाटाच्या पठारावर एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते आणि लाकडातले पाणी सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरू शकते. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. अर्धा मीटर रुंदीची सागाची फळी एवढ्या फरकाने तीन ते पाच मिलिमीटर बारीक होऊ शकते. खुर्चीतला कुसू त्या मानाने केसभरच आकसतो, पण सांधा सैल व्हायला तेवढे पुरते.

उपाय साधे आहेत. किनारपट्टीवरून खुर्ची आणायची तर पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुमारास आणावी, म्हणजे लाकडाला बदल सोसायला वेळ मिळतो. सांधे पक्के करायचे काम आणल्याबरोबर करू नये. एक उन्हाळा जाऊ द्यावा आणि मग सुताराला बोलवावे. खुर्ची पश्चिमेच्या खिडकीच्या उन्हात ठेवू नये आणि कूलरच्या ओल्या झोताच्या थेट समोरही नाही, कारण रोज भिजणे आणि रोज सुकणे हे लाकडाला सर्वांत जाचक. जुन्या लाकडावर चपड्याचे पॉलिश असते. स्पिरिटने ओला केलेला कापूस आतल्या बाजूला लावून पाहिला की ते विरघळते. तसे पॉलिश असेल तर त्यावर आधुनिक प्लॅस्टिकसारखा थर चढवू नये. चपडा पुन्हा चपड्यावर बसतो आणि घरच्या घरी उजळता येतो.

कोण बसणार

इंग्रजी विंगबॅक घडली तेव्हा तिच्यासमोर वेगळे शरीर आणि वेगळी बसण्याची रीत होती. आपल्याकडे बरेच ज्येष्ठ खुर्चीत बसल्यावर एक पाय वर घेतात, काहीजण मांडीच घालतात. त्यांना दोन्ही हातांमध्ये निदान ५५ सेंटिमीटर जागा हवी. बैठकीची उंची बसणाऱ्याच्या गुडघ्यामागच्या खळीइतकी असावी. आपल्या बहुतेक आजी-मावशींना ती ४० ते ४३ सेंटिमीटर पुरते. उंच खुर्चीत पाय लोंबतात आणि मांडीखाली रग लागते. उलट, स्प्रिंगा खचलेल्या खुर्चीत माणूस इतका खाली जातो की गुडघेदुखी असलेल्याला उठता येत नाही. म्हणून ज्याच्यासाठी खुर्ची घ्यायची त्याला सोबत न्यावे, पाव तास बसवावे आणि हाताला न धरता उठायला सांगावे.

विंगबॅकचा खरा उपयोगही इथेच कळतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत येतो तेव्हा हे पंख आपले मूळ काम करतात. वाचता वाचता डुलकी लागणाऱ्या वृद्धाची मान ते सावरतात. एखाद्या घरात असे माणूस असेल, तर विंगबॅक ही तिथली सर्वांत प्रेमाची वस्तू होऊ शकते. नुसती पाहुण्यांना दाखवायची असेल, तर इतकी जागा आणि खर्च तिच्यावर घालू नये.

निवार, काथ्या आणि सोलापूर

सांगाडा पसंत पडला की जुने भरण पूर्ण काढून टाकावे. त्यात ढेकूण, बुरशी, उंदरांचा वावर काहीही असू शकते. आतला आधार परत करताना आपल्याकडची सुती निवार उत्तम: पट्ट्या एकमेकींतून विणून, ताणून, बारीक चुकांनी ठोकायच्या. वर काथ्याचा थर, त्यावर कापूस. हे भरण हवा खेळती ठेवते. आठ-दहा इंच जाड फोम आणि रेक्झिन ही जोडी आपल्या उन्हाळ्याला अजिबात योग्य नाही. अंगाखाली घाम साचतो आणि काही वर्षांत रेक्झिनला भेगा पडतात.

कापडासाठी लांब जायला नको. तुळजापूरहून तासाभरावर सोलापूर आहे. तिथल्या जॅकार्ड चादरींना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यांची जाड सुती वीण रोजच्या घर्षणाला टिकते, धुता येते आणि रंग घराच्या मातीशी जुळतात. हिवाळ्यात पाठीवर धनगरी घोंगडी टाकली की परदेशी आकाराची खुर्चीही या घरचीच होते.

दोन गोष्टी कायद्याच्या. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर हे आधी ध्यानात घ्यावे. दुसरे, हस्तिदंत जडवलेली खुर्ची कितीही सुंदर असली तरी विकत घेऊ नये. हस्तिदंताचा व्यापार आपल्या देशात बंद आहे. तेरच्या मूर्तीची जागा संग्रहालयात आहे. आजच्या घरात त्या व्यापाराला थारा नको.

पलंगाचा दाखला

जुनी खुर्ची टिकवणारा शेवटी सुतारच असतो, आणि तो कसा टिकतो याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. तुळजाभवानी वर्षातून तीन वेळा निद्रेला जाते: नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात मोहनिद्रा. तिचा पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात तयार होतो, गावोगावचे मुक्काम करत नगरमार्गे येतो आणि बुऱ्हाणनगरच्या पालखीबरोबर दसऱ्याला तुळजापुरात पोहोचतो. दरवर्षी पलंग हवा असतो, म्हणून दरवर्षी तो घडवणारे हात कामाला लागतात. मागणी नेमाने आली, म्हणून कसब पिढ्यान्‌पिढ्या हाती राहिले.

खुर्च्यांच्या बाबतीत ही नेमाची मागणी आपण थांबवली आहे. खुर्ची डुगडुगली की ती भंगारात जाते आणि साच्यातली प्लॅस्टिकची येते. वेत विणणारे, निवार ताणणारे, सरसाने सांधा बसवणारे कारागीर गावोगाव कमी होत चालले आहेत. त्यांना पुरस्कारापेक्षा काम हवे. एका घराने दोन वर्षांतून एकदा एक खुर्ची दुरुस्तीला दिली, तरी शंभर घरांच्या गावात वर्षाला पन्नास कामे होतात. एका सुताराच्या हाताला वळण राहायला आणि त्याच्या मुलाला ते पाहून शिकायला एवढे पुष्कळ झाले.

म्हणून या दिवाळीत जुनी खुर्ची घ्यायची असेल, तर बाजारात जाण्याआधी आपल्या गावातला किंवा तालुक्यातला दुरुस्ती करणारा सुतार शोधावा. त्याला सोबत न्यावे, त्या दिवसाची मजुरी द्यावी आणि त्याचा शब्द मानावा. विंगबॅक असो की वेताची आरामखुर्ची, तिचा आकार डोळ्यांना भावतो हे एक कारण झाले. ती उघडून पुन्हा जोडता येते, हे तिला घरी आणण्याचे खरे कारण. तशी खुर्ची घ्या, आणि ती घेतलीत की दर काही वर्षांनी सुताराला दार उघडून द्या.